कामगारांना निर्णयाचा अधिकार देताना : पूर्वतयारी, टप्प्यांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

ठाण्याची वागळे इस्टेट असो की नवी मुंबईतला दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंतचा औद्योगिक पट्टा, 'कामगारांचा सहभाग' सुरू करायचे ठरले की बहुतेक ठिकाणी पहिली खरेदी सूचनापेटीची होते. पेटीला कुलूप लागते, किल्ली एचआरच्या खणात जाते, पहिल्या महिन्यात कॅन्टीनच्या पातळ डाळीविषयी आणि स्वच्छतागृहातल्या गळक्या नळाविषयी चिठ्ठ्या येतात, त्यांचे पुढे काय झाले हे कोणालाच कळत नाही, आणि चौथ्या महिन्यात पेटीतून बिस्किटांचे रिकामे पुडे निघतात. मग "आमच्या माणसांना बोलायचेच नसते" असा निष्कर्ष निघतो. हा निष्कर्ष काढण्यापूर्वी आपण कामाला कोणत्या टोकाने सुरुवात केली, हे पाहावे. मत मागणे हा बराच नंतरचा टप्पा आहे. त्याआधी अडलेले निर्णय शोधणे, ते वाटणे, लिहून देणे आणि सुपरवायझरला तयार करणे ही कामे येतात, आणि नेमकी तीच वगळली जातात.

हा लेख साधारण तीस ते दोनशे माणसांच्या कारखान्यांचे मालक, व्यवस्थापक आणि एचआर अधिकारी यांच्यासाठी आहे. ऐरोली-महापेच्या कार्यालयांत काम करणाऱ्यांना लागू होणाऱ्या गोष्टी टप्पा २ च्या शेवटी वेगळ्या दिल्या आहेत.

टप्पा १ : अडलेल्या परवानग्यांची वही

कोणते अधिकार द्यायचे हे केबिनमध्ये बसून ठरवू नये. प्रत्येक पाळीत सुपरवायझरच्या टेबलावर एक साधी शंभर पानी वही ठेवावी आणि तिच्यात चार रकाने आखावेत : वेळ, काय अडले, कोणाची परवानगी हवी होती, किती वेळ थांबावे लागले. पंधरा दिवस, तिन्ही पाळ्यांत, एवढेच करावे.

वहीची गरज मला एका रात्रीने पटवून दिली. रबाळ्याच्या एका कारखान्यात मी उत्पादन विभाग सांभाळत होतो. रात्रपाळीत दीडच्या सुमारास कन्व्हेयरच्या रोलरचे बेअरिंग गेले. ६२०५ क्रमांकाचे, कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात मिळणारे, काही शे रुपयांचे. स्टोअरच्या जाळीमागे दुसऱ्या खणात ते चक्क दिसत होते आणि स्टोअरची किल्ली गेटवरच्या सुरक्षारक्षकाकडे होती. मात्र इश्यू स्लिपवर खातेप्रमुखाची सही लागत असे, आणि खातेप्रमुख, म्हणजे मी, डोंबिवलीला फोन सायलेंटवर टाकून झोपलो होतो. सकाळी साडेआठला पोहोचून मी सही केली आणि वीस मिनिटांत कन्व्हेयर सुरू झाला. तोवर सव्वासात तास गेले होते. "जाळी उघडून का नाही घेतलं?" असे मी फिटरला विचारले, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "साहेब, मागच्या वर्षी घेतलं होतं. त्याचा मेमो अजून घरी आहे."

सावधान : वहीत माणसाचे नाव लिहिण्याचा रकाना ठेवू नये. एकदा जरी त्या वहीतल्या नोंदीवरून कोणाला जाब विचारला गेला, तर पुढची पाने कोरी राहतील.

तपासा : पंधरा दिवसांत दहा नोंदीही झाल्या नाहीत, तर कारखाना सुरळीत चालला आहे असे समजू नये. बहुधा लोक लिहायला बिचकत आहेत. अशा वेळी दोन रात्री स्वतः पाळीवर बसावे आणि नोंदी स्वतःच्या हाताने कराव्यात.

टप्पा २ : निर्णयांची चार गटांत वाटणी

वहीतली प्रत्येक नोंद हा एक अडलेला निर्णय असतो. त्या सर्वांची एक यादी करून प्रत्येकासमोर पुढीलपैकी एक अक्षर लिहावे.

अ : कामगाराने स्वतः निर्णय घ्यावा, कोणाला कळवण्याची गरज नाही. हातमोजे, चिंध्या, ड्रिल बिट यांसारखे सामान घेणे, आपल्या जागेची मांडणी बदलणे, एका टेबलावरच्या चौघांनी आपापसात कामाची फिरती ठरवणे.

ब : निर्णय घ्यावा आणि पाळी संपण्याआधी नोंद करावी (या नोंदींची वेगळी वही, ती 'ब वही'). ठरलेल्या रकमेपर्यंतचा सुटा भाग स्टोअरमधून घेणे, सदोष कच्चा माल बाजूला काढून लाल पट्टी लावणे, मालात दोष दिसल्यास यंत्र थांबवणे.

क : आधी विचारावे. मात्र ज्याला विचारायचे, त्याने ठरलेल्या वेळेत उत्तर द्यायचे. उत्तर न आल्यास काय करायचे, हेही येथेच लिहून ठेवावे.

ड : निर्णय व्यवस्थापनाचा, पण घेण्याआधी कामगारांचे मत ऐकायचे. नवीन यंत्राची जागा, लॉकरची व्यवस्था, गणवेशाचे कापड.

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे सगळी यादी 'क' मध्ये भरणे. कागद नवा झाला तरी परवानग्या जुन्याच राहतात. माझा ढोबळ नियम असा आहे की, ज्या निर्णयात झालेली चूक दुसऱ्या दिवशी निस्तरता येते आणि जिचे नुकसान एका पाळीच्या मजुरीपेक्षा कमी असते, तो निर्णय 'अ' किंवा 'ब' मध्येच जायला हवा.

उलट बाजूची चूक क्वचित होते, पण ती जीवघेणी ठरू शकते. यंत्राचे गार्ड काढणे, इंटरलॉक (गार्ड उघडताच यंत्र बंद पाडणारी सोय) बांधून ठेवणे, विजेच्या पॅनेलवर काम करणे, बंदिस्त टाकीत उतरणे, गरम कामाचा (वेल्डिंग, गॅस कटिंग वगैरेंचा) परवाना देणे हे निर्णय कोणत्याही परिस्थितीत 'अ' किंवा 'ब' मध्ये टाकू नयेत. येथे स्वायत्तता एकाच दिशेने द्यायची असते. धोका वाटल्यास काम थांबवण्याचा अधिकार प्रत्येकाला, अगदी काल रुजू झालेल्या कंत्राटी मदतनिसालाही, असला पाहिजे. थांबलेले काम पुन्हा सुरू करण्याचा अधिकार मात्र जबाबदार अधिकाऱ्याकडेच राहिला पाहिजे.

कार्यालयांत वहीतल्या नोंदी वेगळ्या निघतात : दोन सहकाऱ्यांनी आपसात पाळी बदलणे, ग्राहकाला छोट्या रकमेचा परतावा देणे, टीम लीडरला न विचारता चुकीचे उत्तर दुरुस्त करून पाठवणे. पद्धत तीच. फक्त पाळी बदलली की गाडीचे वेळापत्रकही बदलते, म्हणून वाहतूक विभागाला किती तास आधी कळवायचे, हे अधिकारातच लिहावे. रात्री साडेदहाला कार्यालयाच्या दारात गाडीची वाट पाहत उभ्या राहिलेल्या मुलीला आपल्या स्वायत्ततेचे कौतुक वाटणार नाही.

टप्पा ३ : कायद्याने आधीच ठरलेल्या गोष्टी बाजूला काढा

येथे घाई करणारे पुढे अडचणीत येतात. औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यानुसार वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असणे बंधनकारक आहे. समितीत मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी समसमान असतात, एकूण सदस्य दहापेक्षा जास्त नसतात, अध्यक्षपद दरवर्षी आळीपाळीने दोन्ही बाजूंकडे जाते, आणि महिला कामगारांचे कारखान्यात जितके प्रमाण असेल, त्यापेक्षा समितीतले त्यांचे प्रमाण कमी ठेवता येत नाही. अर्ज आल्यावर तीस दिवसांत कामकाज पूर्ण करावे लागते. शंभर किंवा अधिक कामगार असल्यास शासन आदेशाद्वारे कार्यसमिती, म्हणजे मालक आणि कामगार यांच्या प्रतिनिधींची समिती, स्थापन करायला सांगू शकते. वीस आणि शंभर हे दोन्ही आकडे आधीच्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातही होते, त्यामुळे 'नवीन कायद्यामुळे हे आले' अशी सबब चालणार नाही. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची अंतर्गत समिती तर दहा कर्मचाऱ्यांपासूनच लागते आणि ती या सगळ्यांपासून पूर्ण वेगळी ठेवावी लागते.

या समित्या असल्या म्हणजे सहभाग झाला असे नव्हे. पण त्या नसताना 'सहभाग मंडळ' नावाचे काही नवीन काढणे म्हणजे पाया न घालता पत्रे टाकणे होय.

दुसरा मुद्दा कामगार संघटनेचा. पगार, भत्ते, बोनस आणि सेवाशर्तींमधील मोठे बदल हे वाटाघाटीचे विषय आहेत. ते सहभागाच्या बैठकीत उरकण्याचा मोह टाळावा. कार्यसमिती ही सामूहिक वाटाघाटीत संघटनेची जागा घेऊ शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने नॉर्थब्रुक ज्यूट कंपनीच्या प्रकरणात १९६० सालीच स्पष्ट केले आहे. पाळ्यांच्या वेळा किंवा साप्ताहिक सुट्टी बदलायची असेल, तर "सगळ्यांनी हात वर करून होकार दिला" एवढे पुरत नाही. अशा बदलासाठी एकवीस दिवसांची नोटीस द्यावी लागते.

सावधान : कारखान्यात संघटना असेल, तर टप्पा २ ची यादी तिच्या पदाधिकाऱ्यांना सूचनाफलकावर लागण्याआधी दाखवावी. गेटवर वाचून कळले, तर चांगली गोष्टही कट वाटते.

टप्पा ४ : अधिकार कागदावर उतरवा

"तुम्ही तुमच्या पातळीवर निर्णय घ्या, मी आहे ना" हे वाक्य म्हणजे अधिकार नव्हे. ते बोलणाऱ्या साहेबांची बदली झाली की ते वाक्यही त्यांच्याबरोबर जाते. प्रत्येक अधिकाराचे अर्ध्या पानाचे कार्ड करावे, ते मराठी आणि हिंदी दोन्हींत असावे, व्यवस्थापकाची सही आणि तारीख असावी, आणि एक प्रत कामाच्या जागेजवळ लावावी. कार्डाची भाषा अशी असू शकते :

"पाळीतील फिटर यांना रु. २,००० पर्यंतचा कोणताही सुटा भाग स्टोअरमधून स्वतःच्या सहीने घेण्याचा अधिकार आहे. एका पाळीत एकूण मर्यादा रु. ५,०००. नोंद : स्टोअरची ब वही, पाळी संपण्यापूर्वी. जुना भाग ट्रेमध्ये ठेवावा. निर्णय चुकीचा ठरल्यास त्याची चर्चा होईल. मर्यादेत राहून घेतलेल्या निर्णयाबद्दल मेमो दिला जाणार नाही. अधिकार लागू : १ तारखेपासून."

या नमुन्यातले आकडे आपल्या कारखान्याप्रमाणे बदलावेत, पण मेमोविषयीचे वाक्य कोणीही गाळू नये. कामगार कार्ड हातात घेतल्यावर सर्वांत आधी तेच शोधतो. 'योग्य त्या प्रकरणी', 'आवश्यकतेनुसार', 'वरिष्ठांच्या मार्गदर्शनाखाली' असे शब्द मात्र कार्डात आले, की कार्ड फाडून पुन्हा लिहावे.

तपासा : कार्ड ज्याच्यासाठी आहे त्याला वाचायला द्यावे आणि "रात्री दोन वाजता अमुक झाले, तर तुम्ही काय कराल?" असे विचारावे. उत्तर देताना त्याने सुपरवायझरकडे पाहिले, तर कार्ड अजून तयार झालेले नाही.

टप्पा ५ : माहिती, सामान आणि किल्ली

हा टप्पा छोटा आहे, पण विसरला जातो. दोन हजारांची मर्यादा दिली आणि वस्तूची किंमत माहीत नसेल, तर माणूस घाबरून काहीच घेणार नाही. स्टोअरच्या प्रत्येक खणावर किमतीची पट्टी लावावी. लाइनवर रोजचे रिजेक्शन आणि उद्याचा डिस्पॅच फळ्यावर लिहावा. किमती कामगारांना कळल्या तर ते मागण्या करतील, अशी भीती काही मालक बोलून दाखवतात. बाजारात तीच वस्तू कितीला मिळते हे कामगाराला आधीपासून ठाऊक असते. आणि शेवटी किल्ली : अधिकार रात्रपाळीला दिला असेल, तर स्टोअर रात्री उघडण्याची सोयही हवी.

टप्पा ६ : सुपरवायझरला आधी सांगा

अशा प्रयोगांचा जीव बहुतेक वेळा येथे जातो. सुपरवायझर, फोरमन, चार्जहँड यांनी वर्षानुवर्षे सही आणि परवानगीच्या जोरावर आपला मान सांभाळलेला असतो. एका सकाळी तो अधिकार खालच्या माणसाच्या हातात गेल्याचे त्यांना सर्वांबरोबर सभेत कळले, तर ते विरोध करत नाहीत, फक्त बाजूला होतात. "आता तुम्हीच ठरवता ना, मग ठरवा की," असे हसत म्हणतात आणि अडचणीच्या वेळी हात वर करतात. त्या हसण्याने जेवढे प्रयोग बुडाले, तेवढे उघड विरोधाने बुडाले नसतील.

म्हणून कामगारांना सांगण्याच्या किमान दोन आठवडे आधी सुपरवायझरांना एकेकटे भेटावे आणि तीन गोष्टी स्पष्ट कराव्यात. पहिली, त्यांच्याकडून काय जात आहे; हे गोड बोलून झाकू नये. दुसरी, त्यांच्याकडे काय येत आहे. वरच्या स्तरावरून त्यांनाही काही 'ब' गटातले अधिकार मिळायला हवेत : ओव्हरटाइम लावणे, ठरलेल्या मर्यादेत बाहेरून दुरुस्ती करून घेणे, दोन दिवसांपर्यंतची रजा मंजूर करणे. मधली पायरी रिकामी ठेवून खालची भरता येत नाही. तिसरी, त्यांचे काम कशावर मोजले जाईल. आजवर ते केवळ नगांच्या संख्येवर मोजले जात असेल, तर दोष दिसला म्हणून यंत्र थांबवणाऱ्या कामगारावर ते चिडणारच. मोजमापात रिजेक्शन आणि शिकवून तयार केलेली माणसे यांनाही जागा द्यावी.

त्यांच्याकडून एका सवयीचा सराव करून घ्यावा. "काय करू, साहेब?" असे कोणी विचारले, की उत्तर न देता "तुमच्या कार्डावर काय आहे?" असे विचारायचे. ऐकायला सोपे वाटते. वीस वर्षे झटपट उत्तरे देत आलेल्या माणसाला तोंडाशी आलेले उत्तर गिळणे किती जड जाते, ते मी स्वतःवर अनुभवले आहे.

सावधान : हीच शिस्त मालकालाही लागू आहे. फ्लोअरवर फेरी मारताना मालकाने कामगाराचा निर्णय सर्वांसमोर एकदा फिरवला, की पुढचे तीन महिने कार्डे भिंतीवरची शोभा होतात.

टप्पा ७ : एका विभागात सहा आठवडे

सगळ्या कारखान्यात एकदम सुरू करू नये. सर्वांत हुशार विभाग निवडू नये, कारण तिथले यश इतरांना आपले वाटत नाही. सर्वांत रखडलेला विभागही निवडू नये. मधला, स्थिर माणसांचा विभाग घ्यावा आणि तीन ते पाचच कार्डांनी सुरुवात करावी.

या पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांत फ्लोअरवरची बरीचशी माणसे कंत्राटी असतात. त्यांना वगळले, तर शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोघांपैकी एकाला यंत्र थांबवता येते आणि दुसऱ्याला येत नाही, असा विचित्र प्रकार घडतो. सुरक्षा आणि दर्जा यांविषयीची कार्डे सर्वांना सारखीच द्यावीत. सामान घेणे, पाळी बदलणे यांसारखे अधिकार मात्र कंत्राटदाराच्या सुपरवायझरमार्फत आणि आपल्या कायदेशीर सल्लागाराला विचारून द्यावेत, कारण कंत्राटी कामगारावर प्रत्यक्ष नियंत्रण कोणाचे, हा प्रश्न वादात नेमका पुढे येतो.

टप्पा ८ : पहिल्या चुकीची तयारी आधीच करा

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत कोणीतरी मर्यादेत राहून चुकीचा निर्णय घेईल. चांगला माल सदोष समजून बाजूला काढेल, किंवा चुकीच्या मापाचा पट्टा स्टोअरमधून घेऊन जाईल. त्या दिवशी सगळा विभाग साहेबांच्या चेहऱ्याकडे पाहत असतो.

क्रम असा ठेवावा. त्याच पाळीत कामाची दुरुस्ती करावी आणि कोणालाही बोलू नये. दोन दिवसांच्या आत त्या कामगाराबरोबर, तो काम करतो त्याच जागी, पंधरा मिनिटे बसावे. केबिनमध्ये बोलावू नये, कारण केबिनच्या काचेतून सगळ्यांना फक्त हावभाव दिसतात. त्या वेळी काय दिसले, कोणती माहिती हाताशी नव्हती आणि कार्डातला कोणता शब्द संदिग्ध होता, एवढेच विचारावे. चूक पुन्हा होऊ नये म्हणून कार्डात किंवा फळ्यावर बदल करावा आणि तो त्या कामगारानेच विभागाला सांगावा.

मर्यादा जाणूनबुजून ओलांडणे, खोटी नोंद करणे किंवा सुरक्षेचा नियम मोडणे या गोष्टी चुका नव्हेत. त्यांना नेहमीची शिस्तीची प्रक्रिया लागू राहील, हे कार्ड देतानाच सांगून ठेवावे. या दोन प्रकारांची सरमिसळ झाली, तर प्रामाणिक माणूस घाबरतो आणि बेफिकीर माणूस सुटतो.

तपासा : सहा आठवड्यांत एकही चूक नोंदली गेली नसेल, तर ब वही उघडून पाहावी. बहुतेक वेळा वहीत नोंदीच नसतात, म्हणजे अधिकार वापरलाच गेलेला नसतो.

टप्पा ९ : आता बैठक आणि सूचना

लोक स्वतःचे निर्णय घेऊ लागले, की त्यांच्या सूचनांचा दर्जा बदलतो. डाळीच्या बरोबरीने ट्रॉलीची उंची आणि साच्याचे तापमान यांवर बोलणे सुरू होते. बैठक पंधरवड्यातून एकदा, वीस मिनिटांची आणि कामाच्या पगारी वेळेत घ्यावी. तीनची पाळी सुटल्यावर थांबवलेल्या माणसाचे अर्धे लक्ष रबाळे स्थानकावरून सुटणाऱ्या ठाणे गाडीत आणि उरलेले घड्याळात असते. महिला कामगारांना तर तेवढा उशीरही घरी महागात पडतो. बैठक कामगारांपैकीच एकाने चालवावी, दर वेळी वेगळ्याने, आणि साहेबांनी शेवटी बोलावे.

प्रत्येक सूचनेची नोंद तीन रकान्यांत फळ्यावर ठेवावी : सूचना, उत्तर, कोण करणार आणि कधीपर्यंत. उत्तर सात दिवसांत यायलाच हवे. 'नाही' हेही उत्तर आहे, पण त्याचे कारण लिहावे लागेल. "विचाराधीन" हा शब्द फळ्यावर वर्ज्य मानावा.

टप्पा १० : तीन महिन्यांनी फेरतपासणी

टप्पा १ ची वही पुन्हा पंधरा दिवस ठेवावी आणि आधीच्या वहीशेजारी ठेवून वाचावी. ज्या कारणांसाठी पूर्वी काम थांबत होते ती कमी झाली का, हे तिथेच दिसते. वेगळ्या सर्वेक्षणाची गरज पडत नाही. जे 'क' निर्णय दर वेळी मंजूरच झाले, ते 'ब' मध्ये न्यावेत. एखादा अधिकार मागे घ्यावा लागला, तर तो जितक्या जाहीरपणे दिला होता तितक्याच जाहीरपणे, कारण सांगून आणि पुन्हा कधी विचार होईल ती तारीख देऊन घ्यावा. गुपचूप कार्ड काढून नेण्याइतके नुकसान दुसरे काही करत नाही.

याच वेळी पैशाचा प्रश्नही समोर येईल. फिटर आता स्टोअरची नोंद ठेवतो, नव्या माणसाला शिकवतो, यंत्र थांबवण्याची जबाबदारी घेतो आणि त्याची श्रेणी मात्र जुनीच आहे. "अधिकार दिला की काम वाढवलं?" हा त्याचा प्रश्न रास्त असतो. ज्यांच्या कामाचे स्वरूप खरोखर बदलले आहे, त्यांची यादी पुढच्या वेतन करारापूर्वी तयार ठेवावी, त्या यादीत प्रत्येकासमोर कोणती कार्डे त्याच्याकडे आहेत हे लिहावे, आणि ती संघटनेने मागण्याआधी आपणहून तिच्यासमोर ठेवावी.